थोरल्यांचा उपास

९ मार्च

प्रिय मामा,

शालोम. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. हे पत्र मी आईला न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर घरच्या पत्त्यावर अजिबात पाठवू नकोस. पाकिटाच्या मागे मास्तरांचा पत्ता आहे, त्यावर पाठव. मास्तर म्हणजे सिनेगॉगमध्ये आम्हां मुलांना शिकवतात ते. आधी म्हणाले, "मी काय पोस्टमन आहे?" मी म्हटलं, "मामाला सणाला बोलवायचंय." मग म्हणाले, "बरं. पण पाकीट फुगीर नको."

आता कामाचं. पेसाहचा सण येईपर्यंत रोज शाळा सुटल्यावर आम्हां पाच मुलांचा पाठ असतो. जुन्या पंडितांचं एक पुस्तक आहे. सणात घरात पावाचा कणही चालत नाही ना, तर त्याआधी घरातला पाव-बिव कसा शोधून काढायचा, सणात काय खायचं, कधी खायचं, यावर त्यांनी पानोपानी नुसती भांडणं केली आहेत. वाचताना मला आपल्याच घरात बसल्यासारखं वाटतं. रोज थोडं थोडं वाचून हे पुस्तक आम्ही सणाच्या आदल्या दिवशी सकाळी पुरं करणार आहोत. पुस्तक पुरं झालं की सिनेगॉगमध्येच सगळ्यांना न्याहारी. आणि आता नीट वाच, कारण इथे तू येतोस.

त्या दिवशी थोरल्यांचा उपास असतो ना? मिसर देशात आपण गुलाम होतो तेव्हा तिथल्या लोकांची थोरली मुलं गेली आणि आपली वाचली, त्याची आठवण म्हणून. पण पुस्तक पुरं होताना जो थोरला तिथे हजर असतो त्याने त्या आनंदात जेवायचं असतं. त्याचा उपास माफ! तुझ्या गावात आपल्यातलं दुसरं एकही घर नाही. तू दर वर्षी एकटाच उपाशी बसतोस, असं बाबा म्हणाले. मग इकडे ये की. सकाळी आमच्याबरोबर खा आणि रात्री घरी सेदेरच्या जेवणाला थांब. तीन वर्षं झाली, जेवणाच्या टेबलाशी तुझी खुर्ची तशीच आहे. आई तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.

मामाला बोलवू का, असं मी आईला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "यायचं असेल तर पाय आहेत त्याला." हे हो झालं की नाही झालं?

मला तू यायला हवा आहेस. बाबा गाणी बेसूर म्हणतात आणि मध्येच झोपतात.

तुझी,
लवंगी


१४ मार्च

प्रिय लवंगी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दोन मोठ्या पातेल्यांच्या मधोमध उभा होतो. एकात बिनमिठाचा भात, दुसऱ्यात बिनमिठाच्या भाज्या. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, पण त्या वासाला जीभ काही सरावत नाही. अशा माणसाला तू उपासाच्या दिवशी न्याहारीचं आमंत्रण देतेस! माझे डोळे भरून आले. कांदा नव्हता, शपथ.

उपास मी अगदी काटेकोर करतो. पाण्याचा थेंब नाही. तेराव्या वर्षापासून करतोय, कारण मी घरातला थोरला. पण खरं सांगू? दुपार झाली की मला भिंतीचा रंगसुद्धा खाण्याजोगा दिसायला लागतो. तेव्हा तुमचं पुस्तक पुरं होणार असेल तर मी येतो. मात्र पुरं झालं पाहिजे. मी एवढा प्रवास करून यायचं आणि तुम्ही म्हणायचं, "मामा, चार पानं राहिली," असं झालं तर मी सिनेगॉगच्या पायरीवर बसून गळा काढीन.

आता तुझ्या आईचं. तीन वर्षांपूर्वीच्या सेदेरला काय झालं ते तुला आठवत असेल. कडू मूळ मी किसलं होतं. ते कडू नको तर काय गोड असायला हवं? गुलामीची आठवण म्हणून खातात ते! तुझी आई ज्यांच्या दवाखान्यात काम करते त्या दंतवैद्य डॉक्टरांनी चमचाभर घ्यायचं ते मूठभर घेतलं, याला मी काय करू? ते टेबलाखाली गेले हे खरं, पण स्वतःच्या पायांनी गेले. त्यावर तुझी आई सगळ्यांदेखत म्हणाली, "याला किसणी दिली हीच माझी चूक. थोरला म्हणवतो आणि अक्कल पाळण्यातल्या पोराची." थोरल्याला असं बोलायचं असतं का, तूच सांग.

न्याहारीला काय काय आहे ते कळव. उकडलेली अंडी आहेत का? किती नरम?

तुझा भुकेला,
मामा


१९ मार्च

प्रिय मामा,

अंडी आहेत. नरम किती ते मास्तरांची बायको ठरवणार. आम्ही सगळे तिला काकी म्हणतो आणि टरकून असतो.

पण पुस्तकाचं कठीण दिसतंय. आमच्यात एक मुलगा आहे, त्याला आम्ही प्रश्नोपंत म्हणतो. त्याच्यामुळे गाडं अडलंय. पुस्तकात असं आलं की घर झाडून झाल्यावर उंदराने पुन्हा पावाचा तुकडा ओढून आणला असेल, अशी काळजी करत बसू नये. कारण मग या घरातून त्या घरात, या अंगणातून त्या अंगणात, या गावातून त्या गावात, काळजी संपायचीच नाही. मला हे फार आवडलं. मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "ज्याने हे लिहिलं त्याच्या बायकोला विचार."

तर प्रश्नोपंत म्हणाला, "दोन उंदीर असले तर?" मग, "एक उंदीर आत गेला आणि दुसराच बाहेर आला तर?" मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं रागावले. पण मान वर केली तर डोळ्यांत पाणी! म्हणाले, हेच प्रश्न मोठ्या पंडितांनीही विचारले होते. मग खुशीत येऊन त्यांनी ते सगळे सांगितले आणि त्या दिवशी आमची एक ओळसुद्धा पुढे सरकली नाही.

घरी आईची सफाई सुरू झाली आहे. दवाखान्यातून तिने दातांतली कीड काढायचा जुना हूक आणलाय आणि टेबलाच्या फटीतले पावाचे कण काढत बसते. टेबलाला म्हणते, "आ कर." काल बाबांनी खिशात बिस्कीट घातलं, तर तिने त्यांना दारातच उभं करून खिसे उलटे केले. सणाच्या आदल्या दिवशी तर ती स्वतः सकाळपासून काही खात नाही. म्हणते, "कामात खायला वेळ कुठे आहे? मला भूकच नाही." दर वर्षी हेच.

एक विचारू? तू आईला नुसतं "ए" म्हणतोस. ताई का म्हणत नाहीस? ती मोठी आहे ना तुझ्याहून?

तुझी,
लवंगी


२४ मार्च

प्रिय लवंगी,

प्रश्नोपंताच्या तोंडात लिमलेटची गोळी घाल. मोठी, हळू विरघळणारी. पाठ सुरू झाला की एक, संपत आली की दुसरी. माझं पोट त्या पोराच्या जिभेवर टांगलेलं आहे, हे त्याला सांगू नकोस, नाहीतर त्यावरही प्रश्न काढेल.

मी रजा टाकली. स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगून टाकलं की माझी भाची पंडित झाली आहे आणि मला जेवायला बोलावलंय. आमच्या मोठ्या परिचारिका बाई म्हणाल्या, "न्याहारीसाठी एवढा लांबचा प्रवास?" मी म्हटलं, "बाई, तिथे मीठ असतं."

ताईचं म्हणशील तर एका वर्षाचा तर फरक आमच्यात. शिवाय ती मुलगी, मी मुलगा. घरातला थोरला मी. तुझे आजोबा पाहुण्यांना ओळख करून द्यायचे, "हा माझा थोरला," आणि ती तिथेच पाण्याचे पेले घेऊन उभी असायची. ताई-बिई म्हणायची पद्धत आमच्यात पडलीच नाही.

ती टेबल साफ करताना अजून गुणगुणते का ग? मधली ओळ विसरते आणि तिथे "ला ला" करते, तेच गाणं?

मामा


२९ मार्च
(मास्तरांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलेली चिठ्ठी)

मास्तर, शालोम.

ही चिठ्ठी काकींना दाखवू नका.

आज पाठात तुम्ही थोरला कुणाला म्हणायचं ते सांगितलंत. आईच्या पोटी जन्मलेलं पहिलं मूल मुलगा असेल तरच तो थोरला, आधी मुलगी झाली असेल तर मागून आलेल्या मुलाला हा उपास नाहीच, असं म्हणालात. प्रश्नोपंताने गोळी गिळून विचारलं, "मग त्या मुलीचं काय?" तुम्ही म्हणालात, काही जुने जाणते म्हणतात की पहिली मुलगी असेल तर तिनेही उपास करावा.

मास्तर, माझी आई मामाहून मोठी आहे. म्हणजे मामा थोरला नाहीच! त्याला उपास नाही, मग उपास सुटण्याचा प्रश्नच नाही, मग त्याला इथे यायचं कारणच नाही. घरी बसून तो खुशाल अंडी खाईल. आईशी त्याचं भांडण आहे. तो फक्त भुकेपोटी येतो आहे. कृपा करून त्याला हे कळू देऊ नका. पेसाह झाला की मी स्वतः सांगेन.

तुमची विद्यार्थिनी


(त्याच चिठ्ठीच्या मागे)

बाळ,

तुझा मामा मला काही विचारायला आलेला नाही आणि न विचारलेलं सांगत सुटायची मला सवय नाही. माझ्याकडून तू निर्धास्त राहा.

पण एक सांगतो. न्याहारीला थोरला, धाकटा, मधला, कुणालाच मनाई नाही. काकी कुणाला उपाशी उठू देत नाही, हे तुला माहीत आहे. मनाई नसताना त्याला फसवून कशाला आणायचं? भुकेपोटी आलेला माणूस पोट भरलं की उठून जातो. तुला तो रात्रीही थांबायला हवा आहे ना?

रोजचा पाठ आपण कशासाठी करतो? कळलेलं डबीत लपवून ठेवायला नाही. आणि ही डबी माझी आहे, तिच्यात आता चष्मा मावत नाही.

मास्तर


३० मार्च

प्रिय मामा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता एका दमात लिहिते.

तू थोरला नाहीस. मास्तरांनी शिकवलं. आधी मुलगी झाली असेल तर नंतरच्या मुलाला हा उपास नसतो. तुझ्याआधी आई झाली. तुला कधीच उपास नव्हता. एकदाही नाही. आजोबांना माहीत नसेल, किंवा तू मुलगा म्हणून तूच थोरला, असं ते धरून चालले असतील. थोरली आई आहे.

हे मला काल कळलं आणि मी लपवणार होते, कारण आता तुला इथे यायची गरज उरली नाही. तू म्हणाला होतास, पुस्तक पुरं झालं तर येतो. पुस्तक पुरं होणार आहे. मास्तरांनी शेवटचा परिच्छेद त्या सकाळसाठी मुद्दाम राखून ठेवलाय आणि आम्ही कुणी तो चोरून वाचू नये म्हणून पुस्तक काकींच्या ताब्यात दिलंय. पण तुला आता त्याचा काही उपयोग नाही.

तरी ये. न्याहारीसाठी नको. असाच ये.

आणि हो, गुणगुणते. तिथेच "ला ला" करते.

लवंगी


५ एप्रिल

मामा,

तुझं उत्तर नाही. रोज पाठाला गेले की मी मास्तरांच्या तोंडाकडे बघते आणि ते आधीच मान हलवतात. आज प्रश्नोपंताने त्याच्याकडची शेवटची गोळी मला दिली. म्हणजे माझं तोंड किती पडलं असेल बघ.

चिडलास का? मी खरं सांगायला नको होतं का?

आज आईने तुझ्या खुर्चीवरचे कपडे उचलले. मला वाटलं तिला काही कळलं. पण तिने खुर्ची उलटी केली, हुकाने खालून साफ केली आणि कपडे परत ठेवले.

लवंगी


५ एप्रिल

प्रिय ताई,

वर लिहिलेला शब्द वाचून तुला वाटेल पत्र चुकीच्या घरी आलं. घर बरोबर आहे. हा शब्द लिहायला माझा हात असा अडखळला की शेवटी मी पेन खाली ठेवून भाज्या चिरल्या आणि मग पुन्हा बसलो.

तुझी लेक महिनाभर मला पत्रं लिहिते आहे. तिला रागावू नकोस. रागावायचंच तर मास्तरांना रागाव, ते पोस्ट ऑफिस चालवत होते. तिने मला कळवलं की मी थोरला नाही. तू थोरली.

पहिल्यांदा मी खूप चिडलो. तुझ्यावर नाही, उपासांवर. माझे सगळे उपास वाया! त्या सगळ्या दुपारी मी भिंतीकडे बघत काढल्या त्या कशासाठी? त्या तिरमिरीत मी बिनमिठाच्या सुपात चांगलं मूठभर मीठ टाकलं. परिचारिका बाईंनी चाखून पातेलं जागच्या जागी ओतायला लावलं. मग मला दम देऊन एका स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "झालंय काय?" सांगायला गेलो तर भलतंच आठवलं.

आपल्या स्वयंपाकघराची मागची पायरी आठवते? उपासाच्या दिवशी बाबा मला तिथे बसवायचे, आत अन्नाचा वास येतो म्हणून. आणि तू माझ्याशेजारी येऊन बसायचीस. रात्री काय काय खायचं त्याच्या बाता मारायचीस. आई आतून हाक मारायची, "तुला तरी वाढू का ग?" आणि तू म्हणायचीस, "मला भूक नाही." दर वर्षी. मला वाटायचं हिचं पोटच लहान आहे. दिवे लागले की आपण दोघं एकदमच घास घ्यायचो आणि बाबा म्हणायचे, "माझ्या थोरल्याने उपास केला." मी छाती फुगवून बसायचो.

लवंगीने लिहिलं की आई सणाच्या आदल्या दिवशी अजूनही काही खात नाही. कामात वेळ नाही, भूक नाही, म्हणते. ते वाचताना मी हसलो होतो. स्टुलावर बसल्यावर मला त्याचा अर्थ लागला. मी हॉस्पिटलचा आचारी. न जेवलेलं माणूस मला चेहऱ्यावरून कळतं, असा माझा तोरा. आणि घरातलंच माणूस मला कळलं नाही.

उपास तुझा होता, ताई. तू तो केलास आणि तुझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मिरवलो मी. आणि किसणीच्या एका बोलण्यावर मी तीन वर्षं रुसून बसलो, कारण काय, तर थोरल्याला असं बोलतात का! मला माझी लाज वाटली. आत्ताही वाटते आहे.

मी येतोय. थोरला म्हणून नाही. पोरांचं पुस्तक पुरं होईल तेव्हा त्या सकाळी तुझं काम, तुझा हूक, तुझं टेबल सगळं टाकून तू सिनेगॉगमध्ये यायचंस. पहिली बशी तुझी. ती मी स्वतः वाढणार आणि तू खाल्लीस की मग मी. त्या दिवशी तू उपाशी राहिलीस तर मी मास्तरांच्या बायकोला तुझ्यावर सोडीन.

रात्री कडू मूळ तू किस. मी किसणीला हात लावणार नाही. डॉक्टरांना बोलावलं असशील तर त्यांच्यापासून लांब बसेन.

लवंगीला सांग, उत्तर दिलं नाही कारण पत्र आधी तुला लिहायचं होतं.

तुझा धाकटा


८ एप्रिल

धाकट्या,

पत्र मिळालं. सोफ्यावर झोपावं लागेल. सोफा साफ झालेला आहे, त्यावर बसून काही खायचं नाही, बिस्किटाचा कणसुद्धा नाही. आल्या आल्या दारात खिसे उलटे करायचे. पाहुणा आहेस म्हणून सूट मिळणार नाही.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं नाही. पण तुझी लवंगी दाराआड होती आणि "ताई"पाशीच ओरडली, म्हणजे माझ्या खांद्यावरून वाचत होती. तेव्हापासून घरात नुसती उड्या मारते आहे. खुर्चीवरचे कपडे तिनेच उचलून बाबांच्या अंगावर टाकले. ते झोपले होते.

डॉक्टर येणार आहेत. गेली तीन वर्षं विचारतात, "तुमचे ते बंधू कुठे असतात?" त्या रात्रीपासून त्यांचं चोंदलेलं नाक मोकळं झालंय म्हणे. तेव्हा किसणी तूच घेऊन ये. इथली बोथट झाली, आणि माझ्या हातचं मूळ कुणाच्या डोळ्यांतून टिपूस काढत नाही.

न्याहारीला येईन. काकींनी अंडी नरम ठेवायचं कबूल केलंय.

आणि ऐक. मला भूक असायची. पायरीवर बसले की पोटात नुसता खड्डा पडायचा. तेव्हा वेळेवर ये.

ताई